एमआरआयच्या फॉर्मवरचा पंधरावा प्रश्न

स्क्रीनवर प्रोस्टेट अर्धीच दिसत होती. मागचा भाग स्वच्छ होता. पुढच्या भागाच्या जागी मात्र नुसता काळा खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला सगळं वाकडंतिकडं झालेलं. माणसाचं हाड असं वळत नाही. मी स्कॅन थांबवला, माइकचं बटण दाबलं आणि विचारलं, "काका, अंगावर काही धातूचं आहे का?"

बोगद्यातून आवाज आला, "नाय."

"चावी, नाणं, सेफ्टी पिन?"

"काय नाय, बाय. झाला का?"

झालं नव्हतं. सुरूही धड झालं नव्हतं.

मी बोईसरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी दुरुस्त करते, ते परत डॉक्टर म्हणतात. मशीन चालवते ती मी. फोटो वाचतात ते डॉक्टर. आमचे रेडिओलॉजिस्ट डॉ. सबनीस मुंबईत बसतात. आम्ही इथून फोटो पाठवतो, ते तिथून रिपोर्ट लिहितात. गेल्या तीन वर्षांत आम्ही एकमेकांना दोनदाच भेटलोय, पण फोनवर भांडतो रोज.

बोगद्यात होते काशिनाथ तांडेल, मुरब्याचे, वय त्रेसष्ट. स्वतःची बोट, स्वतः तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. मासेमारीच्या पावसाळी बंदीचे दिवस होते, बोटी वर ओढलेल्या होत्या, म्हणून त्यांना तपासणीला सवड मिळाली होती. बाहेर बाकावर त्यांची बायको हिराबाई बसली होती. नवऱ्याची फाइल तिने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणली होती. पूर्वी ती डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची, आता टेम्पोत माल टाकून पालघरच्या बाजारात बसते. बोलण्यात पाटीच्या दिवसांचा जोर अजून होता.

फाइलची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली असते, साधारण लिंबाएवढी, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाबरोबर ती वाढते, तेव्हा लघवीला त्रास होतो. हे बहुतेकांना होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण काहींच्या ग्रंथीत कॅन्सर असतो. पीएसए नावाची एक रक्ताची तपासणी असते, तिचा आकडा वाढला की शंका घ्यायची. नुसती शंका, बरं का. तो आकडा साध्या वाढीनेही चढतो आणि इन्फेक्शननेही.

काशिनाथकाकांचा आकडा चढला होता. मागल्या वर्षी एका ठिकाणी त्यांची बायॉप्सी झाली. शौचाच्या जागेतून सोनोग्राफीचा प्रोब घालून बारा सुया मारल्या आणि बारा बारीक तुकडे काढले. तुकड्यांत काही निघालं नाही. काकांना दोन दिवस ताप आला, आठवडाभर लघवीतून रक्त गेलं, आणि घरी त्यांनी जाहीर केलं की आता सुई नाय. पण आकडा चढतच राहिला.

त्या सुया मागून जातात. ग्रंथीचा मागचा भाग त्यांना नीट सापडतो. पुढच्या भागात, जघनाच्या हाडामागे, काही दडलेलं असेल तर ते हमखास निसटतं. पालघरच्या युरोलॉजिस्टना हीच शंका होती. त्यांनी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'पुढच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे,' आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एमआरआयमध्ये काही दिसलं तर नेमक्या त्या जागी सुई घालायची. काही नाही दिसलं तर सुई टाळायची आणि आकड्यावर नजर ठेवायची. काशिनाथकाका या एकाच अटीवर आले होते. "एक डाव मशीन. मग काय नाय," असं त्यांनी मला आल्या आल्या बजावलं होतं.

म्हणजे संधी एकच. आणि ज्या भागासाठी एवढं केलं, नेमका तोच भाग काळ्या खड्ड्यात.

एमआरआय म्हणजे एक मोठा चुंबक. तो चोवीस तास चालू असतो, मशीन थांबवलं तरी चालूच असतो. लोखंड जवळ गेलं की तो ते खेचतो, आणि फोटोत लोखंडाच्या भोवती असा काळा खड्डा पडतो. त्यामुळे माणूस आत नेण्याआधी आम्ही एक फॉर्म भरून घेतो. त्यावर चौदा प्रश्न आहेत. पेसमेकर आहे का, ऑपरेशनची क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, वगैरे.

त्या डोळ्याच्या प्रश्नाची मी बढाई मारायचे. तारापूर एमआयडीसीत ग्राइंडर आणि वेल्डिंगवर काम करणारी माणसं आमच्याकडे रोज येतात. मी त्यांना मराठीत विचारते, हिंदीत विचारते, वाकून डोळ्यांत बघते, जरा शंका आली की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावते. दोनदा त्यात कण सापडलेत. त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होते.

काशिनाथकाका ग्राइंडरवर नव्हते. त्यांना मी चौदाही प्रश्न विचारले, त्यांनी चौदाही वेळा नाय म्हटलं, सही केली, पडद्यामागे जाऊन गाऊन घातला. मग मी हातातला डिटेक्टर त्यांच्या छातीवरून, पाठीवरून, खांद्यांवरून फिरवला. कमरेवरून नाही फिरवला. म्हातारा माणूस, परकी बाई, पातळ गाऊन. मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी हात आखडता घेतला. एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईने करायची ही चूक नव्हे. पण केली.

मी टेबल बाहेर घेतलं, कॉइल सोडली, काकांना हाताला धरून खोलीबाहेर आणलं. कॉइल म्हणजे ओटीपोटावर ठेवायचा पॅड, सिग्नल पकडणारा, आणि तो पट्ट्याने आवळून बांधतात. आता डिटेक्टर कमरेपाशी नेला तर तो कुत्र्याचं शेपूट पायाखाली आल्यासारखा केकाटला.

काकांनी गाऊनवरूनच ओटीपोटाखाली बोट ठेवलं. "हा करगोटा हाय."

काळ्या दोऱ्याचा करगोटा, त्यात करंगळीएवढा तांब्याचा ताईत. दोरा जुना होऊन सैल पडलेला, त्यामुळे ताईत घसरून अगदी खाली आलेला. म्हणजे प्रोस्टेटच्या बरोबर समोर.

"काका, मी धातूचं विचारलं तेव्हा नाही म्हणालात!"

"तू वस्तूचा विचारलास. करगोटा काय वस्तू हाय?" ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. मग जरा विचार करून म्हणाले, "आत जाताना यानं जरा ओडला. मना वाटला, मशीनला दुखना गावला."

तांब्याला चुंबक ओढत नाही. ओढलं म्हणजे आत लोखंड होतं. कॉइलचा पट्टा घट्ट होता म्हणून ताईत जागच्या जागी राहिला. दोरा तुटून तो सुटला असता तर काय झालं असतं, हा विचार मी त्या दिवशी पुरा केला नाही.

"ताईतात काय आहे?"

उत्तर हिराबाईने दिलं. आवाज ऐकून ती आत आली होती. "ह्याच्या बापाची होडी फुटली तवा तो एका फळीला धरून राहिला. सकाळी गेलेला, दुपारी काडला त्याला, जिता. त्या फळीतला खिळा हाय. सासूनं कापून ताईतात भरला नि ह्याच्या कमरेला बांदला. हा सात वर्षांचा होता तवा."

"मावशी, हा काढावा लागेल. पाऊण तासापुरता. मग लगेच परत बांधा."

हिराबाईचा चेहरा बदलला. "करगोटा काडायचा नाय."

"अहो, फोटो येत नाहीये त्याच्यामुळे."

"नको येऊ दे. करगोटा कवा काडतात म्हायती हाय का तुना? माणूस गेल्यावर. तिरडीवर ठेवायच्या आदी." तिचे डोळे एकदम भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. "जित्या नवऱ्याचा मी काडू? दवाखान्यात?"

काशिनाथकाकांनी गाऊनची गाठ परत बांधली आणि कपडे कुठे आहेत म्हणून विचारलं.

एवढ्यात शहा सर आले. ते आमचे सेंटर मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यात घड्याळ आणि वेटिंग लिस्ट एवढंच असतं. प्रोस्टेटला मशीनवर पाऊण तास लागतो, आणि माझ्यामागे दोन गुडघे आणि एक कंबर ताटकळत होती.

"काय प्रॉब्लेम आहे, मॅडम?"

मी सांगितलं.

"मग जेवढं आलंय तेवढं पाठवा. सबनीस सर 'लिमिटेड स्टडी' लिहितील. पेशंटने रिफ्यूज केलं, असं सही करून घ्या."

"सर, जो भाग बघायचा होता तोच नाही आलेला."

"पण मागचा आलाय ना? क्लीन आहे ना?"

"मागचा मागच्या वर्षीच क्लीन होता. बारा सुया मारून."

"मॅडम, आपण जबरदस्ती तर करू शकत नाही." हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

मी डॉ. सबनीसांना फोन लावला. फोटो त्यांच्यासमोर उघडेच होते. "काय ठेवलंय कमरेला? नांगर?" त्यांनी विचारलं.

"खिळा आहे, सर. होडीचा."

"हे तुम्ही आत जाऊ कसं दिलंत?"

"माझी चूक. ती मी रजिस्टरमध्ये लिहिणार आहे. आत्ता पुढचं बोला."

"मागे काही नाही. पुढचं मला दिसत नाही, मी लिहू शकत नाही. पुन्हा बोलवा त्यांना."

"ते पुन्हा येणार नाहीत, सर. रिपोर्टमध्ये 'मागे काही नाही' एवढं वाचलं की बंदी उठल्यावर बोट घेऊन जातील."

ते म्हणाले, "मग बाई, तुम्हीच काहीतरी करा. तुम्ही तिथल्या आहात."

मी बेटेगावची. मुरबे तिथून काही परदेश नाही. तरी मला चटकन काही सुचलं नाही, हे कबूल करते. पहिली इच्छा झाली ती हिराबाईला झापायची. नवऱ्याला कॅन्सर असू शकतो आणि तुम्हाला दोऱ्याचं पडलंय, असं तोंडावर आलंही होतं. ते बोलले असते तर दोघं त्याच पावली मुरब्याला गेली असती. मी पाणी प्यायले, बाहेर गेले आणि बाकावर हिराबाईशेजारी बसले. तिने पिशव्यांची गाठ मारायला घेतली होती. काका पडद्यामागे कपडे बदलायला गेले होते.

"मावशी, करगोटा कधी तुटत नाही का? समुद्रावर काम, खारं पाणी..."

"तुटाय देत नाय."

"मग झिजला की काय करता?"

"नवा बांदायचा."

"आणि जुना?"

"नवा बांदला का जुना सोडायचा. मदी कमर रिकामी नाय राहायला पायजे, एवडाच." ती गाठ मारता मारता बोलत होती. मग तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी एक शब्द बोलले नाही. एकोणीस वर्षांत मी गप्प बसून साधलेली तेवढीच एक गोष्ट असेल.

"नवा चालंल तुज्या मशीनला?"

"नुसता सुती दोरा असेल तर चालेल. धातू नको."

"नि ताईत?"

"ताईत बाहेर."

ती ओठ मुडपून विचार करत बसली. ही खरी अडचण होती. दोरा बदलता येतो, पण खिळा सात वर्षांच्या मुलाच्या कमरेला त्याच्या आईने बांधला होता आणि त्यानंतर तो कधी अंगावेगळा झाला नव्हता. दोरे कितीतरी बदलले, खिळा तोच. शेवटी तीच म्हणाली, "ताईत त्याच्या अंगाला पायजे. माज्या मुठीत ठेवला तर? मी काय परकी हाय?"

"नाही, मावशी."

"अगे ऐकतस का," तिने पडद्याकडे तोंड करून हाक दिली. नवऱ्याला ती कौतुकाने 'अगे' म्हणायची, हे मला नंतर कळलं. "कपडे घालू नको. आज तिथ कंची?"

पडद्यामागून ताबडतोब उत्तर आलं, "नवमी. भांगाचा दिवस." कॅलेंडर न बघता. दर्यावर जाणाऱ्याला तिथी भरती-ओहोटीवरून पाठ असते, आणि भांग म्हणजे भरती अगदी बेताची असते ते दिवस.

"नवमी चालंल," हिराबाईने निकाल दिला.

मी स्वतः चौकातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेले. शहा सरांना सांगितलं की आधी एक गुडघा घ्या, माझी सहकारी घेईल. दुकानदाराने चार करगोटे पुढे टाकले. दोघांना पितळी घुंगरू, एकाला लोखंडी कडी. मी माझ्या पर्समधला छोटा चुंबक प्रत्येकाला लावून बघितला. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. "ताई, करगोट्याची गॅरंटी नसते," असं तो म्हणाला. शेवटी साधा काळा सुती दोरा घेतला, काही न ओवलेला, आणि खबरदारी म्हणून एक जास्तीचाही घेतला.

नवा दोरा हिराबाईने बांधला. पडद्यामागे ती काहीतरी पुटपुटली, बहुधा देवीचं नाव. मग जुन्याची पाळी आली. त्याची गाठ खाऱ्या पाण्याने दगड झाली होती. मी कात्री पुढे केली.

"कात्री नाय लावायची." तिने बारीक डोळे करून गाठ हातात घेतली. जाळी शिवून शिवून तयार झालेली बोटं ती. नखाने एक पदर उचलला, मग दुसरा. पाच मिनिटं गेली, सात गेली. शहा सर दारातून दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा त्यांनी घड्याळ बघितलं नाही, नुसतेच उभे राहिले. गाठ सुटली तेव्हा काशिनाथकाकांनी एकदा कमरेवर हात फिरवून नवा दोरा चाचपला आणि मोठा श्वास सोडला.

हिराबाईने ताईत उजव्या मुठीत धरला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. या वेळी मी डिटेक्टर कमरेवरूनही फिरवला, पायांवरूनही फिरवला. काकाच म्हणाले, "नीट बग गे, बाय."

चाळीस मिनिटं मशीन ठोकत होतं. मी काचेमागे बसून एकेक फोटो येताना बघत होते.

प्रोस्टेटचे आम्ही मुख्यतः तीन तऱ्हांचे फोटो घेतो. पहिला ग्रंथीची घडण दाखवतो. दुसरा पाण्याची हालचाल दाखवतो. निरोगी जागी पाणी मोकळं फिरतं, कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढलेल्या असल्या की ते अडकतं आणि ती जागा वेगळी उठून दिसते. तिसरा शिरेतून औषध देऊन काढतात, कोणती जागा रक्त घाईने ओढून घेते ते बघायला. तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवू लागले की शंका पक्की होत जाते.

पहिल्याच फोटोत ते दिसलं. पुढच्या भागात, हाडामागे, एक काळपट डाग. कडा नसलेला, कोळशाची रेघ बोटाने पुसावी तसा. दुसऱ्या फोटोत तीच जागा. तिसऱ्यातही तीच. फोटो वाचणं माझं काम नाही, पण एकोणीस वर्षं बघून डोळ्यांना काही गोष्टी कळतातच. मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. मी बराच वेळ त्या दोन भावनांमध्ये अडकून बसले होते.

काका बाहेर आले. हिराबाई ज्या बाकावर बसली होती तिथून हललेली नव्हती. आमच्या सेंटरच्या आयाबाईंनी दिलेला चहा शेजारी तसाच गार झाला होता. एका हाताने तिला पिता आला असता, पण तिने हात लावला नव्हता. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर ताईताचा लाल वळ उठला होता.

"बरा हाय ना?" तिने विचारलं.

"फोटो चांगले आलेत, मावशी. डॉक्टर वाचतील."

आम्ही सगळे टेक्नॉलॉजिस्ट हेच उत्तर देतो. तिने माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. बाजारात समोरच्या गिऱ्हाइकाचं तोंड वाचून भाव ठरवणारी बाई ती, तिला कळायचं ते कळलं असावं. पडद्यामागे जाऊन तिने ताईत नव्या दोऱ्यात ओवला.

संध्याकाळी डॉ. सबनीसांचा फोन आला. ते आपणहून फोन करत नाहीत. "एक ते पाचमध्ये मी चार देतोय," ते म्हणाले. एक म्हणजे काळजी नको, पाच म्हणजे कॅन्सरची शक्यता फार मोठी, अशी ती मोजपट्टी आहे. "पुढेच आहे. बाहेर पसरलेलं दिसत नाही. बाई, तो पहिला स्कॅन पाठवला असतात तर मी 'मागे काही नाही' लिहून मोकळा झालो असतो."

"मी पाठवणार नव्हते."

"माहीत आहे. म्हणून फोन केला."

त्यानंतर मी रजिस्टर उघडलं आणि स्वतःची चूक लिहिली. कमरेची तपासणी केली नाही, ताईतासह पेशंटला चुंबकाच्या खोलीत नेलं. शहा सरांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढं लिहायची गरज होती?" होती.

पुढचं मला पालघरच्या डॉक्टरांकडून आणि हिराबाईकडून कळलं. सुईचं नाव काढल्यावर काशिनाथकाका उठून चालायला लागतील अशी सगळ्यांना धास्ती होती. डॉक्टरांनी त्यांना स्क्रीनवर तो डाग दाखवला आणि सांगितलं की आता सुई मागून नाही, दोन पायांमधल्या त्वचेतून, भूल देऊन, सरळ इथे जाणार. काकांनी बराच वेळ फोटो बघितला. मग म्हणाले, "त्या टायमाला आंदळ्यावानी जाळा टाकत होतां. आता मासा दाकवलाव. घाला." आणि टेबलावर झोपले.

बायॉप्सीत कॅन्सर निघाला. ग्रंथीच्या आतच होता, बाहेर गेलेला नव्हता. त्या भाद्रपदात मुंबईच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. बोट त्या मोसमात पुतण्याने नेली, आणि काका किनाऱ्यावर बसून त्याच्या चुका मोजत राहिले. डॉक्टरांच्या मते ते औषधापेक्षा जास्त लागू पडलं. पहिल्या तपासणीत पीएसएचा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. हिराबाईने मला तो फोनवर तीनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी दोघं सेंटरवर आली. तपासणीसाठी नाही, सहज. सुक्या बोंबलांची पिशवी होती, त्यामुळे ती रिसेप्शनवर पोचायच्या आधीच सगळ्यांना कळलं की कोण आलंय. काकांनी मला बाजूला बोलावलं आणि शर्ट जरा वर करून कमर दाखवली. काळा दोरा होता. ताईत नव्हता.

"अहो, ताईत कुठे गेला?" आता घाबरायची पाळी माझी होती.

"खिळा काडला नि बोटीत ठोकला. नाळेला, पुडं." ते हसले. "होडीचा खिळा तो. माज्या कमरेला साठ वरसां आडकून होता. मना राकायचा होता तेवडा राकला. आता पुतन्या बोट घेऊन जातो, त्याला राकू दे."

मी हिराबाईकडे बघितलं. ज्या बाईने पाऊण तासासाठी तो सोडायला नकार दिला होता ती म्हणाली, "मीच बोलली त्याला. मुठीत धरून बसली होती ना, तवाच मना कळला, जड हाय." मग तिने पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. आत काळे सुती दोरे होते, दोन डझन तरी असतील. "चुंबक लावून बगितलाय सगल्यांना. ठेव तुज्याकडं. आमच्या गावचे येतील, नि कोन सांगनार नाय तुना."

ते दोरे कन्सोलच्या ड्रॉवरमध्ये आहेत, इयरप्लगच्या डब्याशेजारी. पुडी संपत आली की मुरब्याहून दुसरी येते. दांडीचे लोक येतात, सातपाटीचे येतात, एमआयडीसीत काम करणारे बिहारचे लोकसुद्धा येतात, त्यांच्याही कमरेला काळा धागा असतो आणि तेही आधी नहीं म्हणतात. आता आमच्या फॉर्मवर पंधरा प्रश्न आहेत. पंधरावा मी हाताने लिहून घातला होता, नंतर शहा सरांनी तो छापून घेतला: 'कमरेला करगोटा आहे का, आणि त्यात काय ओवलंय?' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, तीही माझीच: 'आधी नवा बांधावा, मग जुना सोडावा.'

मागच्या महिन्यात सकाळी ड्यूटीवर आले तर वेटिंगमध्ये एक अनोळखी बाई ताठ बसली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली, शेजारी चहा गार होत चाललेला. मी तिला काही विचारलं नाही. आत जाऊन सहकारणीला म्हटलं, "मुरब्याचा पेशंट आहे ना? घे आत. पण कमरेवरून डिटेक्टर फिरव, लाजू नकोस."